वीस गुणांचा प्रश्न : ऑनलाइन वर्ग आणि अस्सल मूल्यमापन

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला. मुले पावणेसोळा लाखांच्या आसपास, उत्तीर्ण ९९.९५ टक्के. मंडळाची लेखी परीक्षा त्या वर्षी झालीच नव्हती. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षातील शाळेच्या लेखी चाचण्यांचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २०, असे शंभराचे गणित मांडून गुणपत्रिका तयार झाल्या. पुढे अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी सामायिक परीक्षा घेण्याचे ठरले होते, तीही मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. म्हणजे मार्च २०२० पासून जवळजवळ दीड वर्ष मोबाइलच्या पडद्यावर शिकलेल्या या मुलांना काय येते, हे शाळेबाहेरच्या कोणीही एकदासुद्धा विचारले नाही.

त्या निकालाची त्या वेळी बरीच थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांचे म्हणणे असे की, शाळेच्या हाती गुण दिले की ते उधळले जाणारच. या म्हणण्याला आधार होता आणि तो महासाथीच्या आधीचा होता. भाषा विषयांची तोंडी परीक्षा आणि तिचे वीस गुण शाळेने द्यायचे, ही पद्धत अनेक वर्षे चालली. बहुतेक शाळांत हे गुण अठरा-एकोणीसच्या खाली येत नसत, हे पालकांना ठाऊक होते आणि मंडळालाही. २०१८-१९ मध्ये ते गुण काढून टाकले आणि पेपर शंभराचा झाला. दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. आरडाओरड झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या दोन वर्षांत इतरही गोष्टी बदलल्या होत्या हे मान्य केले पाहिजे. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले. तरीही वीस गुणांचा हात त्यात नव्हता, असे कोणी म्हणणार नाही.

ऑनलाइन शिक्षणात मुलांची पारख कशी करावी, या प्रश्नाकडे मला या वीस गुणांच्या वाटेने जायचे आहे. कारण त्यावर जगभर जो उपाय सांगितला जातो, तो आपल्याकडे आला की नेमका याच वीस गुणांच्या खड्ड्यात पडतो.

त्या उपायाचे इंग्रजी नाव ‘ऑथेंटिक असेसमेंट’. मराठीत त्याला कोणी ‘प्रामाणिक मूल्यमापन’ म्हणतात, पण मग बाकीची मूल्यमापने अप्रामाणिक ठरतात. ‘अधिकृत’ म्हटले तर सरकारी शिक्का आठवतो. मी ‘अस्सल मूल्यमापन’ म्हणतो. डग आर्चबाल्ड आणि फ्रेड न्यूमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ मध्ये, आणि ग्रँट विगिन्स यांनी १९८९ मध्ये ‘फाय डेल्टा कॅपन’ या शिक्षणविषयक नियतकालिकातील लेखात ही कल्पना ठळकपणे मांडली. तिचा गाभा असा : एखादा विषय येणारा माणूस प्रत्यक्ष आयुष्यात जे काम करतो, तेच काम, वयाला झेपेल एवढे करून, विद्यार्थ्याला करायला द्यावे आणि त्यावरून त्याला पारखावे. काम कशावरून चांगले ठरणार, हे त्याला आधी सांगावे. पुस्तक उघडायला, कोणाला विचारायला मुभा असावी, कारण खऱ्या कामात ती असतेच. शेवटी त्याने आपल्या कामाचे समर्थन करावे.

हे ऐकायला नवे वाटले तरी आपल्या अनुभवातले आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला ‘जॉब’ देतात. लोखंडाचा तुकडा, नकाशा आणि कानस हातात देऊन सांगितलेल्या मापात बसव म्हणतात. टायपिंगच्या सरकारी परीक्षेत टायपिंगच करावे लागते. मराठी ३०, इंग्रजी ४० असे वेग सांगणारी प्रमाणपत्रे उपनगरांतल्या कितीतरी घरांतल्या कपाटांत अजून असतील, आणि त्या आकड्यांवर कोणी शंका घेतली नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मूल चित्र काढते. शंका येते ती गणित, भाषा, विज्ञान, भूगोल या विषयांत, जिथे आपण कामाऐवजी कामाचे वर्णन लिहायला लावतो. दहावीच्या मराठीच्या उपयोजित लेखनात पत्र लिहायचे असते. ते कोणा ‘अ. ब. क.’ने कोणत्या तरी न दिसलेल्या व्यवस्थापकाला लिहिलेले असते आणि पोस्टाच्या पेटीत कधीच पडत नाही.

आता ऑनलाइन वर्गाकडे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल दिल्यावर मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये त्या ऑनलाइन घेतल्या. पन्नास गुण, एक तास, बहुपर्यायी प्रश्न. हजारो विद्यार्थी, थोडे दिवस, तेव्हा दुसरा मार्ग विद्यापीठाला सुचला नसेल तर त्याला फार दोष देता येत नाही. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली आणि त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, तो भाग वेगळा. शाळांच्या पातळीवर नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यातही व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्नच येत. सरावाला तो बरा होता. पण ज्या फोनवर प्रश्न येतो त्याच फोनवर उत्तरही येऊ शकते, आणि शेजारी मोठी बहीण बसलेली असते.

या अडचणीवर दोन मार्ग आहेत. पहिला पहारा वाढवण्याचा : कॅमेरा चालू ठेवा, खोली फिरवून दाखवा, पडदा बदलला की इशारा द्या. असल्फ्याच्या किंवा मालवणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. तिथे कॅमेरा परीक्षार्थीबरोबर सगळ्या घरालाच परीक्षेला बसवतो. आजी झोपलेली असते, आई स्वयंपाक करत असते, आणि नजर हलली म्हणून मुलीवर संशय घेतला जातो. दुसरा मार्ग प्रश्न बदलण्याचा. ज्याचे उत्तर शेजाऱ्याकडून घेऊन उपयोग नाही, असा प्रश्न विचारायचा.

उपनगरांपुरते बोलायचे तर असा एक उत्तम प्रश्न २०२० च्या जूनमध्ये घरोघरी आपसूक येऊन पडला होता. लाइट बिल. टाळेबंदीत मार्चअखेरपासून मीटरचे वाचन थांबले. कंपन्यांनी आधीच्या, म्हणजे थंडीतल्या महिन्यांच्या सरासरीवर बिले पाठवली. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले तेव्हा उन्हाळ्यातल्या पंख्यांचे आणि दिवसभर घरात असलेल्या माणसांचे सगळे युनिट एकदम अंगावर आले. लोक हवालदिल झाले. मधल्या काळात १ एप्रिलपासून दरही बदलले होते. कंपन्या सांगत होत्या की आम्ही युनिट महिन्यांत विभागून टप्प्यांचा फायदा दिला आहे. लोकांना ते पटत नव्हते, आणि तपासायचे कसे हे बहुतेकांना येत नव्हते.

हे तपासणे नववीच्या गणिताच्या आवाक्यातले आहे. घरगुती दराचे टप्पे असतात : पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढचे. वरच्या टप्प्यात प्रतियुनिट दर वाढतो. समजा तीन महिन्यांचे मिळून ६०० युनिट झाले. ते एकाच महिन्याचे धरले तर पहिल्या टप्प्यात १००, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात २०० आणि सर्वांत महाग टप्प्यात १०० पडतात. तेच २०० च्या तीन महिन्यांत विभागले तर पहिल्या टप्प्यात ३०० आणि दुसऱ्यात ३००, वरच्या दोन टप्प्यांत काहीच नाही. वीज तेवढीच, बिल मात्र वेगळे. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. मुलाने आपल्या घरच्या मार्च ते जूनच्या बिलांवरून हा हिशेब मांडायचा, कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहायचा, फरक निघाला तर तक्रारीचे पत्र लिहायचे आणि ते घरच्यांच्या सहीने खरोखर पाठवायचे. फरक निघाला नाही तर बिल बरोबर का आहे, हे घरच्यांना अर्ध्या पानात समजावून द्यायचे. मला विचाराल तर दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण आहे.

यात नक्कल का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. मुलुंड-भांडुपला महावितरणचा पुरवठा, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला प्रामुख्याने अदानीचा, काही घरे टाटा पॉवरची. एकाच वर्गातल्या दोन मुलांकडे कंपनी वेगळी, दर वेगळे, वाचन वेगळे. एकमेकांना पद्धत विचारता येईल, आणि विचारावीच. उत्तर मात्र उसने घेता येणार नाही. मग बाई फोनवर तीन मिनिटे बोलतात. ‘अगं, शुल्क काढताना तू नुसता वीज आकार धरलास, स्थिर आकार का सोडलास?’ मुलगी म्हणते, ‘बाई, तो तर दर महिन्याला तेवढाच असतो ना.’ एवढ्या एका उत्तरात तिला काय कळले आहे आणि काय नाही, हे दोन्ही उघडे पडते. पन्नास बहुपर्यायी प्रश्नांत ते पडत नाही.

भूगोलात पावसाचे असेच करता येते. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. हा आकडा पाठ करवण्याऐवजी उभट बाटली कापून प्रत्येकाने गच्चीवर किंवा शेडच्या कडेबाहेर पंधरा दिवस पाऊस मोजला, तर एकाच शहरात एवढा फरक कसा पडतो, हा प्रश्न मूल स्वतःच विचारू लागते. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले मूल आणि वर्सोव्याला समुद्रालगतचे मूल यांचे तक्ते ऑनलाइन वर्गात शेजारी ठेवता येतात.

अशी कामे महाराष्ट्राला परकी नाहीत. १९८१ पासून चाललेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घ्या. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने सुरू केलेल्या या स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रकल्पात आईवडिलांचा आणि क्लासवाल्यांचा हात किती असतो, यावर उपनगरांत बरीच चर्चा ऐकू येते. पण मुलाखत असल्यामुळे तो हात झाकून राहत नाही. पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ हा प्रकल्प तर पूर्णपणे ऑनलाइन आहे. त्यातल्या ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’मध्ये देशभरातले विद्यार्थी नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहून पुन्हा सोडवतात. ते तपासले जाते, दुरुस्तीला परत येते, पसंत पडले की सर्वांसाठी खुले होते आणि विद्यार्थ्याला मानधन मिळते. म्हणजे कामाचा उपयोग करणारा कोणीतरी पलीकडे खरोखर बसलेला असतो.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात आठवीच्या परीक्षेला मुले पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसत, शिवाय प्रयोगाची परीक्षा असे. खेड्यातल्या सरकारी शाळांत हे तीस वर्षे चालले. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला.

मग आपल्या शाळांत हे रुजले का नाही? कागदावर ते कधीच आलेले आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, त्याच्या आकारिक भागात दैनंदिन निरीक्षणापासून प्रकल्पापर्यंत आठ साधने शिक्षकांना दिली होती. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात बोरिवली काय नि मुलुंड काय, स्टेशनाबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘जलप्रदूषण’ आणि ‘ऊर्जाबचत’ यांचे तयार प्रकल्प मिळू लागले. चित्रे कापा, चिकटवा, कव्हर घाला. ऑनलाइनच्या काळात त्यांचीच पीडीएफ झाली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तेवढेही कष्ट उरले नाहीत. नुसत्या लिखित अहवालावर गुण देणे आता जवळजवळ निरर्थक झाले आहे. मुलाने काय केले हे पाहायचे तर त्याच्या नोंदी, चुका, खाडाखोड पाहावी लागते आणि त्याच्याशी बोलावे लागते.

बोलायला वेळ लागतो, आणि इथे भावनेपेक्षा हिशेब महत्त्वाचा. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी पाच मिनिटे म्हणजे पाच तास. चार तुकड्या शिकवणाऱ्या शिक्षकाला वीस तास. ३५ मिनिटांच्या तासिका धरल्या तर चौतीसहून अधिक, म्हणजे आठवड्याभरात तो जेवढे शिकवतो त्याहून जास्तच. त्यात निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. अशा माणसाने सगळ्यांना अठरा गुण देऊन टाकले तर त्याला आळशी म्हणण्याआधी हा गुणाकार करून पाहावा.

वेळेचा प्रश्न थोडा सुटू शकतो : वर्षभरात दर आठवड्याला पाच-सहा मुलांशी बोलायचे ठरवले तर प्रत्येकाची पाळी दोनदा-तीनदा येते. विश्वासाचा प्रश्न त्याने सुटत नाही. शाळेने दिलेल्या गुणांवर बाहेरचे विश्वास ठेवत नाहीत, कारण ते गुण देताना बाहेरचा कोणी ऐकत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बारावीची बाहेरची परीक्षा बंद करून शाळांच्या हाती मूल्यमापन दिले, तेव्हा हा प्रश्न त्यांनाही पडला. त्यांनी इतर शाळांच्या शिक्षकांची मंडळे नेमली. प्रत्येक शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने त्यांच्यापुढे ठेवी आणि गुण जास्त पडले असतील तर बदलावे लागत. ही पद्धत अनेक दशके चालली. २०१९ मध्ये त्यांनी बाहेरची परीक्षा पुन्हा आणली, पण शाळेतले मूल्यमापनही ठेवले.

मला वाटते, ऑनलाइन माध्यमाचा खरा उपयोग इथे आहे. पूर्वी बाहेरचा परीक्षक आणायचा तर अंधेरीच्या शिक्षकाला मुलुंड गाठायला लोकल, बस, रिक्षा यांत अर्धा दिवस घालवावा लागे. आता तो आपल्या शाळेत बसून मुलुंडच्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलू शकतो. साठांपैकी चिठ्ठ्या टाकून दहा मुले निवडायची, पाच मिनिटे प्रत्येकी, पन्नास मिनिटांत काम आटोपते. मुलाने आपले बिल किंवा पावसाचा तक्ता समोर धरायचा आणि विचारलेले सांगायचे. बाहेरच्या शिक्षकाने दिलेले गुण आणि शाळेने दिलेले गुण यांच्या सरासरीत वीसपैकी दोनाहून जास्त अंतर निघाले तर सगळ्या वर्गाची तोंडी पुन्हा. चिठ्ठीत कोणाचे नाव येईल हे माहीत नसल्यामुळे शाळेला साठही मुलांकडून काम करून घ्यावे लागेल. ज्याच्या घरी फोन नाही त्याने शाळेतल्या संगणकावरून बोलावे. यासाठी कॅमेरा मुलाच्या घरात शिरण्याची गरज नाही, आणि वर्षातून एकदा पाच मिनिटांचे इंटरनेट कोणत्याही शाळेला परवडते.

यावर एक आक्षेप घेतला जातो की शिक्षक आपसात संगनमत करतील, तू माझ्या मुलांना दे, मी तुझ्या मुलांना देतो. करतील. म्हणून जोड्या कायमच्या नसाव्यात, आणि बोलणे ध्वनिमुद्रित करून वर्षभर ठेवावे. दुसरा आक्षेप बुजऱ्या मुलांचा, तो अधिक खरा आहे. अनोळखी माणसापुढे मराठी माध्यमातली मुलगी पडद्यावर गप्प बसते, इंग्रजी माध्यमातला मुलगा थोडे येत असले तरी पुष्कळ बोलतो. निकष आधी सांगितलेले असले आणि प्रश्न तिच्या स्वतःच्या कागदाबद्दल असला, तर ही दरी कमी होते. नाहीशी होत नाही. अशा मुलीला आधी वर्गात, ओळखीच्या बाईंपुढे, चार वेळा बोलण्याचा सराव मिळायला हवा, आणि तो सराव गुणांसाठी नसावा.

३१ जानेवारी २०२२ ला धारावीत दहावी-बारावीची मुले मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली. आम्ही ऑनलाइन शिकलो तर परीक्षाही ऑनलाइन घ्या, हे त्यांचे म्हणणे. त्यांना भडकवले गेले हे खरे असले, तरी त्यांच्या वाक्यात तथ्य होते. सरकारने त्या वर्षी शाळा तिथे केंद्र दिले, अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी ठेवला, मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला आणि परीक्षा जुन्याच पद्धतीने वर्गात बसवून घेतली. निकाल ९६.९४ टक्के लागला. तोंडी आणि प्रकल्पांचे गुण त्याही वर्षी शाळांनीच दिले, आणि ते बाहेरच्या कोणी ऐकून दिले नव्हते. लेखी उत्तरपत्रिका तपासायला मंडळ शिक्षकांना मानधन देते. दहा मुलांचे बोलणे पन्नास मिनिटे नीट ऐकण्याचे मानधन किती असावे, हे एकदा तरी कोणीतरी ठरवायला हवे.